जगन्नाथ शंकरशेट : एका धनिकाच्या चरित्राचे आपल्या बाजूने वाचन

कल्याणहून माळशेज घाटाकडे निघालेली एस. टी. मुरबाडला थांबते. या मुरबाडमध्ये १० फेब्रुवारी १८०३ रोजी जगन्नाथ शंकरशेट मुरकुटे यांचा जन्म झाला. मुंबईत ते 'नाना शंकरशेट' म्हणून ओळखले गेले. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे ही हिंदुस्थानातील पहिली प्रवासी आगगाडी ज्या कंपनीने सुरू केली, तिच्या मुंबईतील संचालकांत ते होते. त्यांच्या या जन्मगावी आगगाडी मात्र आजही पोचलेली नाही. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मुंबई सेंट्रल स्थानकाला त्यांचे नाव देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा त्यांच्यावर पुष्कळ लिहिले-बोलले गेले. 'आद्य शिल्पकार', 'दानशूर', 'द्रष्टा' ही विशेषणे पुन्हा एकदा बाहेर निघाली.

या विशेषणांशी माझे भांडण नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. ज्या समाजाला त्या काळात शाळेच्या ओट्यावरही बसू दिले जात नव्हते, त्या समाजातील आजच्या वाचकाने हे चरित्र कसे वाचावे? त्यावर फुले वाहून मोकळे व्हावे, की 'सावकारांचा-शेटजींचा इतिहास' म्हणून ते बाजूला सारावे? या दोन्ही गोष्टी सोप्या आहेत आणि दोन्हींनी आपल्या हाती काहीही लागत नाही. नानांनी जन्माला घातलेल्या किंवा वाढवलेल्या तीन संस्थांच्या, म्हणजे शाळा, रेल्वे आणि कायदेमंडळ यांच्या दाराशी आपला माणूस पोचला तेव्हा काय घडले, हे तपासत गेले तर या चरित्राचा खरा अर्थ कळतो. या लेखात तेवढाच प्रयत्न केला आहे.

१. नमस्काराची बंदी

प्रथम नाना कोणत्या घरातून आले ते पाहू. त्यांचे घराणे दैवज्ञ सोनारांचे. अठराव्या शतकाच्या मध्यास हे घराणे कोकणातून मुंबईत आले आणि कंपनी सरकारच्या आश्रयाने वाढत्या बेटावर व्यापारात उतरले. वडील शंकरशेट यांनी अमाप पैसा व जमीनजुमला मिळवला. १८२२ साली ते वारले तेव्हा नाना एकोणीस वर्षांचे होते. त्या वयात मुंबईतील एका फार मोठ्या मालमत्तेचे ते धनी झाले. गिरगाव-ताडदेव भागात त्यांची मोठी जमीन होती, आणि शहर जसजसे वाढत गेले तसतसे त्या जमिनीचे मोल वाढत गेले.

पण पैसा आला म्हणून मान आला असे झाले नाही. नानांच्या जन्माच्या चोवीस वर्षे आधी, १७७९ साली, मुंबईच्या कंपनी सरकारने पेशव्यांच्या दबावाखाली एक हुकूम काढला : मुंबईतील सोनारांनी एकमेकांना अभिवादन करताना 'नमस्कार' हा शब्द वापरू नये. नमस्कार हा ब्राह्मणांचा अधिकार, सोनारांनी तो वापरणे म्हणजे ब्राह्मण्यावर आक्रमण, असा पुण्याचा दावा होता. कंपनीने तो मानला. बाबासाहेब आंबेडकरांनी जातिव्यवस्थेच्या चर्चेत या हुकुमाची मुद्दाम नोंद घेतलेली आहे, आणि ती घेण्याला कारण आहे. धर्मसत्ता आणि राजसत्ता हातात हात घालून माणसाच्या तोंडातील शब्दसुद्धा कसा काढून घेतात, याचा हा कागदोपत्री पुरावा आहे. परका व्यापारी येथे राज्य करू लागला तरी त्याने जातीची उतरंड मोडली नाही. उलट तिच्या रक्षणासाठी त्याने आपला शिक्का दिला.

म्हणजे नानांचे घराणे अपमानित जातीचे होते. ही गोष्ट त्यांचे गौरवग्रंथ बहुधा ओझरती सांगतात किंवा सांगतच नाहीत. आपण मात्र ती सांगितली पाहिजे, कारण तिच्यातून एक मोठा प्रश्न निघतो. ज्याला वरच्या पायरीने अपमानित केले, तो खालच्या पायरीकडे कसे पाहतो? बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला 'श्रेणीबद्ध विषमता' म्हटले ते याच ठिकाणी पटते. प्रत्येक जात आपल्यावरच्या जातीशी झगडते, पण शिडी मोडण्यासाठी नव्हे, तर एक पायरी वर चढण्यासाठी. सोनारांची तक्रार 'आम्हाला नमस्कार का नाही' अशी होती. 'कोणालाही तो का नाकारावा' अशी ती नव्हती. महाराने नमस्कार करावा की जोहार, हा प्रश्न त्या वादात कोणत्याच बाजूने आला नाही. ही सोनारांची खोड नव्हे. ही व्यवस्थेची रचना आहे, आणि त्या रचनेतून आपल्यातील जाती-पोटजातीही सुटलेल्या नाहीत.

२. शाळेचा दरवाजा

नानांच्या सार्वजनिक जीवनाची सुरुवात शिक्षणापासून झाली. १८२२ साली मुंबईत देशी मुलांसाठी शाळा व शालेय पुस्तके तयार करणारी संस्था स्थापन झाली. पुढे ती 'बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी' म्हणून ओळखली गेली. तरुण नाना तिच्या कामात होते. तेव्हाचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हा स्कॉटलंडमधील एका सरदार घराण्यातला. १८२७ साली तो निवृत्त झाला तेव्हा मुंबईच्या धनिकांनी त्याच्या नावाने निधी उभारला. त्यातून पुढे एल्फिन्स्टन संस्था, म्हणजे आजचे एल्फिन्स्टन कॉलेज व हायस्कूल, उभी राहिली. या खटपटीत नाना अग्रभागी होते. १८४० साली सरकारने शिक्षण मंडळ नेमले तेव्हा त्यातील मोजक्या हिंदी सभासदांत नानांचा समावेश होता.

या मंडळात नानांनी एक महत्त्वाची लढाई दिली. मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचे मत असे की शिक्षण इंग्रजीतून द्यावे, कारण थोड्यांना चांगले शिकवता आले तरी पुरे. नानांनी त्याला विरोध केला. सामान्य माणसापर्यंत ज्ञान न्यायचे तर ते त्याच्या भाषेतूनच गेले पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. मराठी माध्यमासाठी त्यांनी घेतलेली ही बाजू आजही मोलाची आहे. मुलींच्या शिक्षणाबद्दलही ते बोलून थांबले नाहीत. १८४९ साली स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीने मुलींच्या शाळा काढल्या, तेव्हा नानांनी आपल्या वाड्यात जागा दिली. सनातनी शेजाऱ्यांच्या रोषाची त्यांनी पर्वा केली नाही. सतीबंदीच्या बाजूनेही ते उभे राहिले. हे सारे त्यांच्या खात्यावर निःसंकोच जमा केले पाहिजे.

आता दुसरे पान उलटू. ज्याच्या नावाने निधी उभारला त्या एल्फिन्स्टनने १८२३-२४च्या सुमारास शिक्षणावर एक टिपण लिहिले. खालच्या जातीची मुले सर्वांत चांगली शिकतात असा मिशनऱ्यांचा अनुभव आहे, हे त्याने त्यात मान्य केले. आणि लगेच इशारा दिला की त्यांना खास उत्तेजन देताना जपावे. शिक्षण प्रथम त्यांच्यात रुजले तर ते वर कधी पसरणारच नाही, आणि उरलेले सर्व समाज आपल्या विरुद्ध जातील. इतकी स्वच्छ कबुली फार थोड्या राज्यकर्त्यांनी दिली असेल. मुले हुशार आहेत, म्हणूनच त्यांना शिकवण्यात धोका आहे, असा त्याचा सरळ अर्थ होतो.

शिक्षण मंडळाने १८५०च्या सुमाराच्या आपल्या अहवालात हाच धागा पुढे नेला. सर्वांना शिक्षण देण्याइतका पैसा नाही, तेव्हा ते वरच्या वर्गांना द्यावे आणि तेथून ते खाली झिरपू द्यावे, असा विचार त्यात मांडला आहे. हे वरचे वर्ग कोणते तेही मंडळाने सांगितले : जमीनदार व जहागीरदार, व्यापारातून धनवान झालेले लोक, सरकारचे वरिष्ठ नोकर, आणि ब्राह्मण. ब्राह्मणांच्या मागे बऱ्याच अंतरावर प्रभू-शेणव्यांसारख्या लेखणीवर जगणाऱ्या जाती. या यादीत महार, मांग, चांभार, भंगी नाहीत, आणि कुणबीही नाही. १९२८ साली सायमन कमिशनपुढे अस्पृश्यांच्या शिक्षणाची कैफियत मांडताना बाबासाहेबांनी हीच कागदपत्रे पुढे केली. मुंबई इलाख्यात अस्पृश्यांना शिक्षणापासून दूर ठेवण्याचे काम केवळ रूढीने केले नाही, तर सरकारी धोरणाने केले, हे त्यांनी सरकारच्याच दप्तरातून सिद्ध केले.

या धोरणाचा कर्ता नानाच होते असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. मंडळात सत्ता गोऱ्यांची होती आणि माध्यमाच्या प्रश्नावर नाना अध्यक्षांच्या विरुद्ध होते. पण माध्यमाच्या वादात जो 'सामान्य माणूस' दोन्ही बाजूंना अभिप्रेत होता, त्याच्यात गावकुसाबाहेरचा माणूस धरलेला नव्हता. कोणत्या भाषेत शिकवावे यावर वर्षानुवर्षे वाद झाला. कोणाला वर्गात बसू द्यावे हा त्या वादाचा विषय झाला नाही. तो प्रश्न त्याच वर्षांत दुसरीकडे विचारला जात होता. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली आणि पाठोपाठ महार-मांगांच्या मुलांसाठीही शाळा उघडल्या. म्हणजे 'तो काळच तसा होता' ही सबब चालणार नाही. त्या काळातच त्या काळाला उत्तर देणारी माणसे होती.

१८५६ साली धारवाडच्या एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून अर्ज केला. मुंबई सरकारने तो नाकारला. एका व्यक्तीसाठी शाळा चालवायची तर बाकीचे सोडून जातील, अशी त्यामागची भीती. पुढे विलायतेतून सर्व सरकारी शाळा सर्वांना खुल्या असल्याचा निर्वाळा आला, पण कागदावरचा निर्वाळा आणि वर्गातील बाक यांच्यात पन्नास वर्षांचे अंतर पडले.

ते अंतर ओलांडून विसाव्या शतकाच्या आरंभी एक मुलगा एल्फिन्स्टन हायस्कुलात येऊन बसला. ज्या संस्थेसाठी नानांनी देणग्या गोळा केल्या, तीच ही संस्था. शिक्षकाने गणित सोडवायला फळ्याकडे बोलावले तेव्हा वर्गात गलका झाला, कारण फळ्यामागे सवर्ण मुलांचे डबे ठेवलेले होते. भीमराव फळ्याला हात लावण्यापूर्वी मुलांनी धावत जाऊन ते डबे हलवले. त्याला संस्कृत शिकायचे होते. संस्कृतच्या शिक्षकांनी शिकवण्यास नकार दिला आणि त्याला फारसी घ्यावी लागली. १९०७ साली तो मॅट्रिक झाला तो फारसी घेऊन.

आणि त्याच मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतमध्ये सर्वोत्तम गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला मुंबई विद्यापीठाची जी मानाची शिष्यवृत्ती मिळत असे, तिचे नाव 'जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती'. मराठी मध्यमवर्गात तिच्याभोवती अजूनही एक वलय आहे. 'शंकरशेट स्कॉलर' म्हटले की बुद्धिमत्तेचा शिक्का उमटला. ही शिष्यवृत्ती गुणवत्तेची होती यात शंका नाही. पण ज्याला ती भाषा शिकण्याचीच बंदी होती, त्याने त्या गुणवत्तेच्या स्पर्धेत उतरायचे तरी कसे? आज राखीव जागांच्या विरोधात 'मेरिट'चा जो मंत्र जपला जातो, त्याला हे एक उदाहरण पुरेसे उत्तर आहे. शर्यत सुरू होण्यापूर्वीच मैदानाला कुंपण घातलेले होते.

३. रेल्वेचा दुसरा इतिहास

नानांच्या चरित्रातील दुसरी मोठी गोष्ट रेल्वेची. १८४५च्या सुमारास मुंबईतील व्यापाऱ्यांनी रेल्वेसाठी हालचाल सुरू केली तेव्हापासून नाना तिच्यात होते. पुढे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे जी. आय. पी. कंपनी, स्थापन झाली. १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी चौदा डब्यांची, चारशे पाहुणे घेतलेली गाडी तोफांच्या सलामीत बोरीबंदरहून निघाली आणि एकवीस मैलांवरच्या ठाण्याला पोचली. १८५४ साली लोहमार्ग ठाण्याची खाडी ओलांडून कल्याणला आला. कल्याणहून एक फाटा बोरघाटाकडे आणि दुसरा थळघाटाकडे गेला. बोरघाट १८६३ साली खुला झाला आणि थळघाट १८६५ साली. त्याच वर्षी ३१ जुलैला नाना वारले.

आपल्या ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या भागातील प्रत्येक माणसाचे आयुष्य या लोहमार्गाने घडवले आहे. कल्याण हे जंक्शन झाले. खाडीकाठची खेडी उपनगरे झाली. गावकीच्या बेठबिगारीतून सुटू पाहणाऱ्या महार-चांभार-मांगांना रोख मजुरीचे पहिले काम ज्या ठिकाणी मिळाले, त्यांत लष्कर, गिरणी आणि गोदी यांच्याबरोबर रेल्वे होती. घाटाच्या कामावर एकेकाळी चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते आणि पटकीच्या साथीत व अपघातांत त्यांतील हजारो मेले. पहिल्या गाडीतील पाहुण्यांची नावे जपली गेली. घाटातील या माणसांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. या अर्थाने रेल्वेला एकच 'जनक' असू शकत नाही.

रेल्वेने जात मोडली असे आपल्याला शिकवले गेले. एका बाकावर ब्राह्मण आणि महार शेजारी बसले हे खरे. पण डबा आणि फलाट यांच्यात फरक होता. १९०१ साली बाबासाहेब, तेव्हा वय नऊ-दहा वर्षांचे, आपला भाऊ व भाचे यांच्यासह साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघाले. गाडीने त्यांना मसूरच्या स्थानकावर बिनतक्रार आणून सोडले, कारण इंजिनाला जात कळत नाही. स्टेशनमास्तरने मात्र आस्थेने चौकशी केली, आणि मुले महारांची आहेत हे कळताच तो पाच पावले मागे सरला. एकही गाडीवाला त्यांना नेईना. शेवटी दुप्पट भाडे कबूल करून आणि मुलांनीच बैल हाकायचे या अटीवर एक गाडी मिळाली. यंत्र आले म्हणून माणूस बदलत नाही. यंत्राभोवतीची माणसे जुनीच उतरंड नव्या गणवेशात उभी करतात.

ही उतरंड रेल्वेच्या नोकरीतही कशी उतरली हे बाबासाहेबांनी फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला सांगितले. तेथे जी. आय. पी. रेल्वेतील दलित कामगारांची परिषद भरली होती. कंपनी तीच, जिचे नाना एकेकाळी संचालक होते. अस्पृश्य कामगार गँगमन म्हणून भरती होतो आणि गँगमन म्हणूनच निवृत्त होतो. त्याला पोर्टरसुद्धा करत नाहीत, कारण पोर्टरने स्टेशनमास्तरच्या घरची कामे करायची असतात आणि अस्पृश्याला घरात घेता येत नाही. कारखान्यांत तो मिस्त्री किंवा फोरमन होऊ शकत नाही. हे सारे बाबासाहेबांनी उदाहरणांनी दाखवले. याच भाषणात त्यांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले : ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. आणि ब्राह्मणशाही म्हणजे ब्राह्मण जात नव्हे, तर स्वातंत्र्य, समता, बंधुता यांचा नकार, आणि तो नकार सर्व जातींत भिनलेला आहे, असेही बजावले.

हे वाक्य नानांच्या चरित्राला लावून पाहावे. नाना ब्राह्मण नव्हते. ब्राह्मणशाहीने त्यांच्या जातीला दंडिले होते. पण ते भांडवलाचे आणि जमिनीचे मालक होते, आणि त्या मालकीच्या बळावर ते वर चढले. एका शत्रूशी त्यांचा झगडा होता, तर दुसरा त्यांचा आधार होता. आपल्या वाट्याला दोन्ही शत्रूच आले.

४. सभा आणि मताचा अधिकार

तिसरी संस्था कायदेमंडळ. २६ ऑगस्ट १८५२ रोजी 'बॉम्बे असोसिएशन' स्थापन झाली. पश्चिम हिंदुस्थानातील ही पहिली राजकीय संघटना. नाना तिचे अध्यक्ष झाले. डॉ. भाऊ दाजी लाड, नवरोजी फर्दुनजी ही मंडळी तिच्यात होती. कारभारात हिंदी लोकांना जागा मिळावी अशी मागणी करणारा अर्ज तिने ब्रिटिश पार्लमेंटकडे पाठवला. १८५७ साली खुद्द नानांवर बंडवाल्यांशी संधान असल्याचा संशय घेऊन चौकशी झाली. तीत काही निघाले नाही. सरकारदरबारी वजन असलेला माणूसही गोऱ्यांच्या लेखी अखेर 'नेटिव्ह'च होता, हे त्यातून दिसते. १८६१च्या कायद्यानुसार १८६२ साली मुंबईचे कायदेमंडळ आले तेव्हा त्यातील पहिल्या हिंदी सभासदांत नाना होते.

हे सभासद कोणी निवडून दिलेले नव्हते. सरकारने त्यांना नेमले होते, आणि नेमताना जमीन, पैसा, पदवी व घराणे पाहिले होते. प्रतिनिधी म्हणजे मालमत्तेचा धनी, ही कल्पना केवळ येथली नव्हती. त्या काळच्या विलायतेतही तीच होती. तुलनेसाठी स्कॉटलंडचाच एक माणूस घेऊ. जेम्स मॅथिसन हा जार्डिन-मॅथिसन कंपनीचा भागीदार. चीनला अफू विकून त्याने संपत्ती मिळवली. त्यातला पुष्कळ माल माळव्यातून मुंबई बंदरामार्गे जाई आणि मुंबईचे सर जमशेटजी जीजीभॉय हे कंपनीचे मोठे भागीदार-व्यापारी होते. या पैशातून मॅथिसनने १८४४ साली लुईस हे अख्खे बेट विकत घेतले. तो पार्लमेंटचा सभासद झाला आणि त्याला 'सर' ही पदवी मिळाली. बटाट्याच्या दुष्काळात त्याने आपल्या कुळांना धान्य दिले, म्हणून त्याचा गौरव झाला. पुढे १८५०च्या दशकात भाडे थकलेल्या दोन हजारांहून अधिक माणसांना जहाजात घालून त्याने कॅनडाला धाडले. १८७४ साली बर्नेरा येथील कुळांनी त्याच्या कारभाऱ्याविरुद्ध उठाव केला. स्कॉटलंडच्या त्या डोंगराळ भागातील कुळांना जमिनीवरून न हुसकण्याचे कायदेशीर संरक्षण मिळाले ते १८८६ साली, मॅथिसन मेल्यानंतर आठ वर्षांनी, आणि तेही कुळांनी स्वतः लढून मिळवले.

नाना आणि मॅथिसन सारखे आहेत असे मला म्हणायचे नाही. नानांनी कोणाला देशोधडीला लावल्याचा आरोप मी करत नाही. साम्य आहे ते वर्गाच्या भूमिकेत. उदार जमीनदार दुष्काळात धान्य देतो, शाळेला जागा देतो, पण जमिनीवरचा हक्क आणि कायद्यावरचा हक्क देत नाही. दान आणि हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दान देणाऱ्याच्या मर्जीवर असते आणि घेणाऱ्याची मान खाली घालते. हक्क लढून घ्यावा लागतो आणि तो मान वर करायला लावतो.

हाच फरक मुंबईच्या कायदेमंडळाच्या इतिहासातही दिसतो. १८६२ साली नाना तेथे बसले. १९२३ साली भंडारी समाजातील सी. के. बोले यांनी सार्वजनिक पाणवठे, शाळा, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याचा ठराव त्या मंडळात मंजूर करून घेतला. १९२७ साली बाबासाहेब त्या मंडळाचे सभासद झाले आणि त्याच वर्षी बोले ठरावाचा अर्थ महाडच्या तळ्यावर प्रत्यक्षात तपासला गेला. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी नव्या विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकरी व कुळे मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून आली. त्यांत कोकणातली कुणबी कुळे आणि महार शेतमजूर एकत्र होते. विधेयक तेव्हा मंजूर झाले नाही. खोती कायद्याने गेली ती १९४९च्या अधिनियमाने.

स्वतंत्र मजूर पक्षाच्या तिकिटावर रत्नागिरीतून निवडून आलेले शामराव परुळेकर या लढ्यात होते. पुढे त्यांनी व गोदावरी परुळेकरांनी किसान सभेचे काम हाती घेतले. जानेवारी १९४५ मध्ये महाराष्ट्रातील किसान सभेची परिषद कल्याणजवळ टिटवाळ्यास भरली. तेथे आलेल्या वारल्यांनी आपल्या वेठबिगारीची कहाणी सांगितली, आणि त्या वर्षी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील उंबरगाव-डहाणू भागात वारल्यांचे बंड उभे राहिले. एका वारल्याच्या, एका कातकऱ्याच्या मताची किंमत शेटजींच्या मताइतकी झाली ती प्रौढ मताधिकाराने, म्हणजे १९५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत. प्रौढ मताधिकाराचा आग्रह बाबासाहेबांनी १९२८ सालीच सायमन कमिशनपुढे धरला होता. नव्वद वर्षे लागली, १८६२ ते १९५२.

५. मग काय करावे?

आपल्या कार्यकर्त्यांत दोन प्रवृत्ती दिसतात. एक म्हणते, नाना बहुजन होते, ब्राह्मणांनी त्यांना दडपले, म्हणून ते आपले. ही भाबडी बेरीज आहे. जातीने अपमानित असणे पुरेसे नसते. अपमानाचे कारण मुळातून उखडण्याची इच्छा असावी लागते. दुसरी प्रवृत्ती म्हणते, ते भांडवलदार आणि इंग्रजांचे हस्तक, त्यांचा आपल्याशी संबंध काय? ही वजाबाकीही खोटी आहे. एल्फिन्स्टन संस्था नसती तर भीमराव कोठे शिकले असते? रेल्वे नसती तर कल्याण-ठाण्याच्या वस्त्यांतून चळवळीचा कामगार कोठून आला असता? कायदेमंडळ नसते तर खोती विधेयक कोठे मांडले असते? संस्था उभारणाऱ्याचा हेतू आणि संस्थेचा पुढचा उपयोग हे एकच नसतात. ज्यांना आत घेण्याचा विचार कोणी केला नव्हता, त्यांनी आत घुसून त्या संस्थांचा अर्थ बदलला.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे. शाळेत शिकवणाऱ्या आपल्या मित्रांनी नानांचा धडा शिकवताना नमस्कारबंदीचा हुकूम सांगावा, आणि त्याच तासाला फळ्यामागच्या डब्यांचीही गोष्ट सांगावी. विद्यार्थ्यांनी 'शंकरशेट शिष्यवृत्ती'चे कौतुक ऐकताना त्या वर्गाबाहेर कोण उभे होते ते विचारावे. कार्यकर्त्यांनी ठाणे-कल्याणच्या रेल्वे वस्त्यांत जाऊन वृद्ध गँगमन, खलाशी, सफाई कामगार यांच्या तोंडून त्यांच्या आजा-पणज्यांच्या कामाच्या हकिकती लिहून घ्याव्यात. त्या कोणत्याही दप्तरात मिळणार नाहीत, आणि सांगणारी पिढी आता थोडी उरली आहे.

एशियाटिक ग्रंथालयात नानांचा संगमरवरी पुतळा आहे. एखाद्या स्थानकाला त्यांचे नाव मिळाले तर त्यातही वावगे काही नाही. मात्र त्या स्थानकाचे रूळ कोणी अंथरले, रात्री-अपरात्री ते कोण तपासतो आणि फलाट कोण झाडतो, हेही त्या इतिहासाचे पान आहे. ते लिहिण्याचे काम आपल्यावाचून दुसरे कोणी करणार नाही.